हाताला संत्र्याचा वास

संत्र्याची साल दुमडून मी बाबांच्या डाव्या डोळ्याजवळ नेली आणि दाबली. बारीक फवारा उडाला, खिडकीतल्या उन्हात तो मला दिसलासुद्धा. बाबांची पापणी फडफडली, डोळा लालबुंद झाला, ते दोनदा शिंकले, आणि बस्स. पाणी आलं नाही. मी काचेची बारीक नळी त्यांच्या गालाशी लावून थेंबाची वाट पाहत उभा. आजवर मी कितीतरी लोकांच्या डोळ्यांत अशी साल पिळली आहे. कुणी ओरडतं, कुणी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करतं, पण पाणी सगळ्यांनाच येतं. मला वाटलं सालच वाळकी असेल. ताजं संत्रं घेऊन मी दुसरी साल सोलायला लागलो, तर स्टुलावर बसलेले बाबा डोळा चोळत शांतपणे म्हणाले, ‘‘राहू दे गोवर्धन. येत नाही थे. म्या पाह्यलं हाये करून.’’ मी हसतच विचारलं, ‘‘कवा पाह्यलं?’’ ‘‘तुही माय गेली त्या दिशी,’’ ते म्हणाले, आणि टेबलावरचं सोललेलं संत्रं उचलून त्याची एक फोड त्यांनी तोंडात टाकली. ‘‘आंबट हाये,’’ म्हणाले. ‘‘कोनाच्या बगिच्यातलं आनलं?’’

भाजीबाजारातून आणलं, असं मी सांगितलं असावं. पुढे त्या दुपारी मी काय बोललो, काय केलं, हे मला नीट आठवत नाही. बाबांचं ते वाक्य तेवढं कानात बसून राहिलं. मी अमरावतीच्या कॉलेजात जीवशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे प्रोफेसरांनी फळ्यावर काढलेला बेडूक पोरांना फाडून दाखवायचा, आणि पोरांनी कापून घेतलेली बोटं बांधायची, हा माझा व्यवसाय. उरलेल्या वेळात मी लोकांना रडवतो. काही वर्षांपूर्वी लंडनच्या एका डॉक्टरला सर्दी झाली. आपल्याकडे सर्दी झाली की माणूस सुंठेचा काढा घेतो, त्यानं आपला शेंबूड उचलून जंतू वाढवलेल्या बशीत टाकला. जिथे शेंबूड पडला तिथले जंतू विरघळून गेले. मग कळलं की तेच द्रव्य डोळ्यांच्या पाण्यात असतं, लाळेत असतं, आईच्या दुधात असतं, अंड्याच्या पांढऱ्यात तर सगळ्यांत जास्त. लायसोझाइम त्याचं नाव. कॉलेजच्या जुन्या मासिकात मी हे वाचलं आणि मला भलतंच वेड लागलं. अमरावतीच्या धुळीतूनच मी तसले पिवळे जंतू मिळवले. त्यांनी गढूळ झालेलं पाणी नळीत घ्यायचं, त्यात डोळ्यांतल्या पाण्याचा एक थेंब सोडायचा आणि नळी मुठीत धरून ऊब द्यायची. बघता बघता गढूळ पाणी नितळ होतं. कितीही वेळा पाहिलं तरी मला दर वेळी हात जोडावेसे वाटतात. तिकडचे लोक डोळ्यांतून पाणी काढायला लिंबाची साल वापरतात म्हणे. शेंदूरजनाघाटच्या माळ्याच्या पोराला लिंबाचं काय कौतुक? आमच्याकडे चालायला लागलेलं पोर आधी दुसऱ्याच्या डोळ्यात संत्र्याची साल पिळायला शिकतं, मग बोलायला. कॉलेजची पोरं मला पाठीमागे रडवे मास्तर म्हणतात. माझी बायको जयवंता तोंडावर म्हणते, ‘‘लोकाइचे नवरे बायकोच्या डोयातलं पानी पुसतात, माहा नवरा शिशीत भरते.’’ तिचं पाणी फार गुणाचं आहे हे मी तिला कितीदा सांगितलं. जंतू विरघळवण्यात तिच्या थेंबाचा हात कुणी धरणार नाही. ती म्हणते, एवढ्या गुणाचं आहे तर मग सांडवायला कशाला लावता?

बाबा त्या थंडीत अमरावतीला आले ते डोळा दाखवायला. लहानपणच्या खुपऱ्यांनी त्यांच्या पापण्या आतून खरबरीत झाल्या होत्या, आणि मागे एकदा डावा डोळा चिघळून त्यात फूल पडलं, तेव्हापासून त्या डोळ्यानं त्यांना दिवस आणि रात्र एवढंच कळतं. आता उजवा लाल होऊन राहिला होता. उत्तमराव, माझा थोरला भाऊ, तिकडे बाग सांभाळतो. त्यानं त्यांना वरुडपर्यंत बैलांच्या दमणीतून आणून मोटारीत बसवून दिलं. डॉक्टरांकडे जायचं त्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना माझी प्रयोगशाळा दाखवायला नेलं. कौतुक करून घ्यायला नेलं म्हणा ना. सकाळी जयवंताच्या डोळ्यातून काढलेला थेंब मी त्यांच्यासमोर नळीत सोडला आणि नळी त्यांच्याच मुठीत दिली. पाणी नितळ झालेलं त्यांनी चांगल्या डोळ्याजवळ धरून पाहिलं. ‘‘सूनबाईच्या डोयातलं?’’ त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ‘‘भल्ली ताकद हाये बापा,’’ म्हणाले. मग मला हुशारी आली. म्हटलं, आता तुमचं पाहू. जो डोळा गेलाच आहे त्यात पिळून पाहू, म्हणजे धोका नाही.

तुही माय गेली त्या दिशी. फाल्गुन होता. मृगाच्या बहाराची संत्री झाडावर पिकून लगडली होती, व्यापाऱ्यांच्या गाड्या गावात फिरत होत्या, आणि माझी माय पार्बताबाई चार दिवसांच्या तापानं गेली. मी अमरावतीहून आणि सुभद्रा, माझी धाकटी बहीण, अकोल्याहून पोचलो तेव्हा तिला अंगणात उतरवलेलं होतं. बायांचं रडणं वाटेवरूनच ऐकू येत होतं. आमच्याकडे मयताच्या घरी रडणं मनातल्या मनात नसतं. रडणारी बाई गेलेल्या माणसाचे गुण सांगत रडते, तिच्यामागे दुसरी सुरू होते, आणि पुरुष भिंतीला टेकून उपरण्यानं डोळे पुसतात. भिंतीशी बाबाही होते. त्यांचा चेहरा कोरडा होता. ते नुसते बघत होते. मग लोक सामानाच्या गडबडीत असताना ते उठून बगिच्याकडे गेले, आणि बऱ्याच वेळानं परत आले. सुभद्रा मायच्या अंगावर नवं लुगडं घालत होती. पदराचं टोक धरायला बाबांनी हात पुढे केला आणि तिनं तो झटकून टाकला. ते मी पाहिलं होतं. तेव्हा मला वाटलं, दुःखानं तिचं डोकं फिरलं असेल. तेराव्यानंतर तिनं मला सांगितलं, ‘‘बाबाच्या हाताले संत्र्याचा वास येत होता. मायले अजून उचललं नोयतं, घरात कोनाच्या पोटात पान्याचा घोट नोयता, अन् हे बगिच्यात बसून संत्रं खाऊन आले.’’ डोळ्यांतून टिपूस नाही आला हे तिनं एक वेळ पोटात घातलं असतं. पुरुष माणूस आहे, मनात कुढत असेल, असं म्हणाली असती. संत्र्याचा वास मात्र तिला पोटात घालता आला नाही. दोन वर्षं होत आली, ती माहेरी आली नाही की बापाशी एक शब्द बोलली नाही. पोळ्याला उत्तमराव न्यायला गेला तर त्याला पुरणपोळी खाऊ घातली आणि हातात भाजीची टोपली देऊन परत पाठवला.

प्रयोगशाळेतून घरी येताना टांग्यात बाबा माझ्याशेजारी बसले होते. अंबापेठेतल्या घरांकडे एका डोळ्यानं बघत त्यांनी विचारलं, एवढ्या लोकांचं पाणी येतं कुठून, विहिरी किती असतील. मी उत्तर देत होतो आणि त्यांच्या हाताकडे बघत होतो. जाड, काळी, सालपटं निघालेली बोटं. त्या बोटांनी त्या दिवशी विहिरीच्या मागे, झाडाच्या आड उभं राहून, झाडावरचं संत्रं तोडून, त्याची साल काढून, आपल्याच डोळ्यांत. मी न राहवून विचारलं, ‘‘बाबा, सुभद्राले कावून नाही सांगितलं हे?’’ टांगेवाल्याची पाठ आमच्याकडे होती, तरी ते माझ्या कानाशी आले. ‘‘काय सांगतो तिले? रडनं येत नाही म्हनून डोयात साल पियून पाह्यली, असं सांगतेत का कोनी? हासले असते लोकं.’’ आणि मग जरा थांबून, ‘‘तूबी सांगू नको. झालं थे झालं.’’ मला एकदम हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. बाबांच्या त्या एकट्या डोळ्याला ते दिसू नये म्हणून मी तोंड फिरवून बुधवाऱ्यातल्या दुकानांकडे बघत राहिलो.

डॉक्टरांनी पापण्या उलटून पाहिल्या आणि माझ्याकडे वळून म्हणाले, झरे बंद झाले आहेत. खुपऱ्यांचे व्रण भरताना पाणी सुटण्याच्या वाटा बुजल्या, फार वर्षांपूर्वीच. डोळा कोरडा राहतो म्हणून जंतू धरतात. आणखी एकदा चिघळला तर हाही जाईल. दिवसभर थोड्या थोड्या वेळानं उकळून गार केलेलं मिठाचं पाणी डोळ्यात सोडा, संध्याकाळी एरंडेलाचा थेंब, आणि हे महिनोन्महिने करा, तर टिकेल. मी बाबांना समजावून सांगितलं. त्यांनी आपल्या पद्धतीनं समजून घेतलं. ‘‘म्हनजे बगिच्याले राखनदार नाही,’’ म्हणाले. ‘‘राखनदार नसला तं मंग डुक्करं येतीनच.’’ आणि मग डॉक्टरांच्या पायरीवर उतरताना त्यांनी माझा दंड घट्ट धरला. एवढंच त्यांच्या भीतीचं दर्शन मला झालं. हा डोळा गेला असता तर त्यांना बहार दिसला नसता, फळावर धरलेली कोळशीची काजळी दिसली नसती, कुणाचं तोंड दिसलं नसतं. कोणाचं तोंड बघायचं राहिलं होतं हे ते बोलत नव्हते आणि मीही विचारत नव्हतो.

थेंब सोडायचे कुणी, हा खरा पेच. दिवसभर मी कॉलेजात. स्वतःच्या एकुलत्या चांगल्या डोळ्यात स्वतः थेंब टाकायचा म्हणजे ऐन वेळी टाकणारा आंधळा, त्यांचं अर्धं पाणी मिशीत जायचं. आणि जयवंता सून. आमच्यात सून सासऱ्यासमोर पदर ओढून भिंतीशी बोलते. तिनं सासऱ्याचं डोकं धरून पापणी उघडायची हे तिच्यापेक्षाही बाबांना सोसलं नसतं. एकदा मी तिला बळेच पुढे केलं, तर दोघांनी डोळे मिटून घेतले. मग मी माझ्या शास्त्राकडे वळलो. कापसाची वात बाबांच्या पापणीत फिरवून नळीत टाकून पाहिली. पाणी होतं तसंच गढूळ राहिलं, मुठीत धरून माझा हात घामेजला तरी. म्हटलं, अंड्याचा पांढरा भाग पातळ करून एक थेंब सोडून पाहावा का? दबक्या आवाजात मी ते सुचवलं आणि बाबांचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेवर गेला. ‘‘अंड्यात जे असते थे कोंबडीच्या पिलासाठी असते,’’ ते म्हणाले. ‘‘त्याच्या तोंडचं मी कावून घेऊ?’’ मग मी म्हटलं, दुसऱ्या माणसाच्या डोळ्यातलं पाणी? डॉक्टर ऐकतील तर मला हाकलून देतील, पण एक थेंब? बाबा माझ्याकडे टक लावून बघत राहिले. ‘‘दुसऱ्याचं रडनं माह्या डोयात घालतं?’’ त्यांनी विचारलं. रागावले नव्हते. खरंच विचारत होते.

मला माय आठवली. मी पाच-सहा वर्षांचा असताना माझे डोळे आले, पापण्या चिकटून गेल्या, आणि सुभद्रा तेव्हा अंगावर पीत होती. माय मला मांडीवर आडवं घेई आणि आधी माझ्या डोळ्यांत दुधाची धार सोडी, मग सुभद्राला पाजी. कोमट दूध डोळ्यांतून कानात उतरायचं. सुभद्रा भुकेनं किंचाळायची आणि माय हसून म्हणायची, थांब वं पोट्टी, भावाच्या डोयाले पिऊ दे पहिले. त्या दुधात काय होतं हे मला आता बशीत दाखवता येतं. तेव्हा नुसतं गोड वाटायचं. माझे दोन डोळे सुभद्राच्या वाटच्या दुधावर बरे झालेले आहेत, असं मी तिला चिडवायचो, आणि ती मोठी झाल्यावर म्हणायची, मग फेड की. अकोल्याला जायचं मी त्याच दुपारी ठरवलं. बाबांना सांगितलं, कॉलेजचं काम आहे. ते म्हणाले, ‘‘जा. पन सांगजो नको.’’ म्हणजे त्यांना कळलं होतं.

बडनेऱ्याला गाडी बदलून मी अकोल्याला उतरलो तेव्हा ऊन चांगलं वर आलं होतं. सुभद्राच्या घरचा मळा मोर्णा नदीच्या काठाला, जुन्या शहराच्या अंगाला. मेव्हणे खुशालराव मोट सोडून आले, घोंगडी टाकली, ‘‘बसा साळेबुवा, आज कोनाले रडवाले आले?’’ म्हणून मोठ्यानं हसले. सुभद्रा पाण्याच्या पाटाशी बसून मेथी धुऊन जुड्या बांधत होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला आणि लगेच सावध झाला. मी तिच्याजवळ पाटाच्या कडेला बसलो. सांगायचं कसं याची गाडीत केलेली सगळी तयारी पाण्यात गेली. सरळ म्हटलं, ‘‘सुभद्रा, बाबाच्या डोयाले पानीच येत नाही. झरे बुजले हाये. माय गेली तवाबी बुजलेच होते.’’ तिनं जुडी बांधली, झटकली, टोपलीत ठेवली. ‘‘अन् संत्रं?’’ ‘‘खाल्लं नाही त्यायनं. साल डोयात पियली. पानी यावं म्हनून.’’ ती माझ्याकडे बघायलाच तयार नव्हती. ‘‘भाऊ, तू शिकलेला. तुले बोलता येते. बापासाठी गोष्ट रचून आनली तू.’’ मी म्हटलं, मी डोळ्यांनी पाहिलं, मीच साल पिळली. ती म्हणाली, ‘‘पाह्यलं असशीन. आज नसन येत पानी. त्या दिशी काय झालं थे तुले कोनं सांगितलं? त्यायनंच नं?’’ जंतूंनी भरलेली नळी मला नितळ करून दाखवता येते. दोन वर्षांपूर्वीची दुपार कशी करून दाखवायची?

खुशालराव चहाची किटली ठेवून हळूच निघून गेले. ते भले गृहस्थ. त्यांना बायकोचा राग ठाऊक आहे आणि बायकोची मायाही, आणि दोन्ही सुरू असताना मोटेवर जाणं बरं हेही. मी गार होत चाललेला चहा प्यायलो. सुभद्रानं आणखी दोन-तीन जुड्या बांधल्या. नदीच्या बाजूनं कुणीतरी धोपटत असलेल्या कपड्यांचा आवाज येत होता. मला परतीच्या गाडीची आठवण झाली आणि मी उठायला लागलो, तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, ‘‘कोनत्या डोयात पियली?’’ मी म्हटलं, ‘‘मी विचारलं होतं त्यायले. दोन्ही.’’

‘‘दोन्ही?’’

तिचे हात थांबले. मला आधी कळलं नाही, मग कळलं. शेंदूरजन्यात वाढलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. एका डोळ्यात साल उडाली की पोर गडबडा लोळतं, आणि दुसरा डोळा आपोआप गच्च मिटतो. दुसऱ्यात फवारा घ्यायचा तर एका हातानं पापणी ओढून उघडी धरावी लागते आणि दुसऱ्या हातानं साल दाबावी लागते. एवढी आग सोसून, एवढ्या निश्चयानं, कुणी खोड्या करत नाही आणि कुणी संत्रंही खात नाही. आणि गोष्ट रचून सांगणाऱ्याला एकच डोळा पुरला असता. सुभद्रा ओल्या मेथीत हात घालून बसून राहिली. नदीकाठचे कपडे धोपटून संपले. मग ती म्हणाली, ‘‘येईन मी. थेंब टाकाले येईन. पन मले बोलाले लावजो नको, भाऊ. बोलनं नाही व्हत माह्याच्यानं.’’

ती दुसऱ्याच दिवशी आली, खुशालराव स्टेशनवर पोचवून गेले. बाबा ओसरीत बसले होते. तिनं गाठोडं खाली ठेवलं, लांबूनच त्यांच्या पायांच्या दिशेनं जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला, आणि सरळ आत जाऊन जयवंताला विचारलं, मिठाचं पाणी कशात ठेवलं आहे. तेव्हापासून तिचं काम सुरू झालं. ओसरीत सतरंजी घालून ती बसे, बाबा येऊन तिच्या मांडीवर डोकं ठेवीत, ती डाव्या हाताची दोन बोटं पापणीवर ठेवून डोळा उघडी आणि काचेच्या नळीतून थेंब सोडी. एकही शब्द नाही. थेंब पडला की बाबा उठून बसत आणि उपरण्यानं कान पुसत. आमचं घर तेव्हा बघण्यासारखं झालं होतं. सुभद्रा बापाशी बोलत नाही, जयवंता सासऱ्याशी बोलत नाही, बाबांना दोघींशी बोलायचं असे पण धीर होत नसे. त्यामुळे ‘पिठल्यात मीठ कमी आहे’ हे वाक्यसुद्धा माझ्यामार्फत स्वयंपाकघरात जाई आणि ‘वरून घ्या म्हणावं’ हे माझ्यामार्फत बाहेर येई. चार माणसांत मी एकटा बोलणारा, कॉलेजातून दमून येणारा. पण मी तक्रार केली नाही. कॉलेजात बेडकावर वाकलेला असतानाही मला ओसरीतली ती दोन बोटं दिसत. बापाच्या पापणीवर ठेवलेली बोटं किती हलकी असतात, हे रागावलेल्या माणसाला लपवता येत नाही.

डोळ्याची लाली उतरत होती की नव्हती, रोज सकाळी मी पाहायचो आणि रोज वेगळं वाटायचं. एक दिवस बरी दिसे, दुसऱ्या दिवशी पापणीच्या कडेला पू. रस्त्यातून जाताना मला भलतंसलतं वाटू लागलं होतं. भाजीबाजारात एक बाई मिरच्या निवडताना डोळे पुसत होती आणि मला वाटलं, केवढं धन वाया चाललं आहे. शाळेच्या फाटकाशी रडणारं पोर, लग्नातली नवरी, सिनेमातून डोळे पुसत बाहेर येणारे वकील, सगळं गाव राखणदार बाळगून हिंडत होतं आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता. माणूस दुःखानं रडतो असं आपण म्हणतो. पण हे पाणी दुःख नसतानाही चोवीस तास पापणीआड झिरपत असतं, न विचारता, न सांगता, आपलं काम करत. दुःख झालं म्हणजे ते फक्त बाहेर दिसतं. बाबांचं आतलं पाणी बुजलं, म्हणून ते बाहेर दिसलं नाही, आणि लोकांनी हिशेब लावला की आतही काही नाही. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं. जयवंताला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, ‘‘मले कायले सांगता? वन्संले सांगा.’’ मी म्हटलं, तिला हे ठाऊक आहे. ‘‘ठाव असनं येगयं,’’ जयवंता म्हणाली, ‘‘अन् मामाजीच्या तोंडून आयकनं येगयं.’’

तो रविवार होता. मी उंबरठ्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होतो, जयवंता आत पदर सावरून दाराआड. सुभद्रा नेहमीप्रमाणे सतरंजीवर बसली, बाबांनी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. ऊन ओसरीत गुडघ्यापर्यंत आलं होतं. तिनं नळीत पाणी भरून घेतलं, पापणी उघडली, आणि बाबांनी तिचं मनगट धरलं. ‘‘थांब जराशी,’’ म्हणाले. ती थांबली. तिचं तोंड त्यांच्या तोंडावर ओणवलेलं होतं, आणि ते खालून त्या एका डोळ्यानं तिच्याकडे बघत होते. दुसरीकडे बघायला त्यांना जागाच नव्हती.

‘‘त्या दिशी तू लय रडली, बाई,’’ बाबा म्हणाले. ‘‘साऱ्या बाया रडत होत्या आंगनात, पन मी तुह्याच इकडे पाहत होतो. मले आतून सारं येऊन राह्यलं होतं. गयापर्यंत येये अन् तेथंच बसे. वरतं येतच नोयतं. मी बगिच्यातून आलो तवा माह्या डोयाची आग आग व्हये, अन् तरी काई नाही. मंग म्या म्हटलं, जाऊ दे. पोरगी रडून राह्यली नं आपली. तिच्यातच आपलंबी धरून घेऊ.’’ ते थांबले. ‘‘तू हुंदका देये,’’ बाबा म्हणाले, ‘‘तवा मी मनात म्हनो, हा माहा. मंग तू पुन्हा देये. मी म्हनो, हाबी माहाच. तुही माय चालली होती अन् मी असा तुह्याच जिवावर रडलो, बाई. तुले न इचारता.’’

वर्तमानपत्राचं पान माझ्या हातात तसंच उघडं होतं. दाराआड जयवंताच्या बांगड्या एकदा वाजल्या आणि गप्प झाल्या. बाबांनी मनगट सोडलं, आणि जणू काही झालंच नाही असा डोळा मोठा करून थेंबाची वाट पाहू लागले. सुभद्रानं नळी डोळ्यावर आणली. पहिला थेंब त्यांच्या कपाळावर पडला. दुसरा नाकावर पडून मिशीत गेला. तिसरा कानाच्या पाळीवर.

‘‘डोया इकडे हाये वं, बाई,’’ बाबा म्हणाले.

‘‘थांबा नं बाबा,’’ सुभद्रा म्हणाली. ‘‘मले दिसून नाही राह्यलं.’’